सैन्याला क्लाऊड मागणारे भाऊजी

देशाच्या संरक्षणाची काळजी दिल्लीत नेमकी किती जणांवर सोपवलेली आहे हे मला ठाऊक नाही. पण भिवंडी तालुक्यापुरती ती सगळी जबाबदारी माझ्या ताईच्या यजमानांनी एकट्याने अंगावर घेतली आहे आणि रविवारचीसुद्धा सुट्टी न घेता ते ती पार पाडतात. हे काम त्यांना कुणी दिलेलं नाही. सैन्याच्या भांडारात वीसेक वर्षं नोकरी करून ते हवालदार म्हणून निवृत्त झाले, राहनाळला आपल्या गावी परत आले, आणि आता उरलेल्या आयुष्यात त्यांना जगाला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. ती अशी की, सैन्याने आपली भांडारं, सुटे भाग, औषधं, नकाशे, माणसांच्या नोंदी ही सगळी माहिती खोल्याखोल्यांतल्या वेगवेगळ्या संगणकांत कोंडून न ठेवता एका मोठ्या, सामाईक क्लाऊडवर आणली पाहिजे. ही गोष्ट ते केस कापता कापता न्हाव्याला सांगतात, रेशनच्या रांगेत पुढच्याला आणि मागच्याला सांगतात, आणि दहाव्याच्या विधीला कावळ्याची वाट बघत बसलेल्या मंडळींनाही सांगतात. एकदा वज्रेश्वरीच्या एसटीत शेजारी बसलेल्या एका गोऱ्या बाईंना त्यांनी अंजूर फाट्यापासून सुरुवात करून शेवटच्या थांब्यापर्यंत हा विषय समजावला. ती बाई गणेशपुरीच्या आश्रमात निघाली होती आणि तिचं मौन चालू होतं. भाऊजींचं म्हणणं असं की, इतकं मन लावून आजवर कुणी ऐकलंच नाही.

दिसायला काटक, मिशी पांढरी आणि मापात कापलेली, शर्टाला इस्त्री अशी की कॉलर पाहूनच आपण जरा ताठ बसावं. त्यांच्या घरात कुठलीही वस्तू नुसती ठेवलेली नसते, ती तैनात असते. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर क्रमांक चिकटवलेला आहे. क-दोन-चार म्हणजे स्वयंपाकघर, दुसरी फळी, चौथी जागा, तिथे हळद. आणि ही सगळी यादी त्यांच्या फोनमधून कुठे तरी वर जाते आणि तिथून पुण्याच्या मुलाला, कल्याणच्या मुलीला, ताईला आणि, मी मागितलेली नसताना, मलाही दिसते. एकदा मी नववीच्या वर्गात समास शिकवत असताना माझा खिसा थरथरला. घरी कुणाचं बरंवाईट तर नाही ना म्हणून मी घाबरून फोन काढला, तर ताईकडचा सुका जवळा संपत आला होता. मी भाऊजींना म्हटलं की, तुमच्या जवळ्याची खबर मला कशाला? त्यावर ते शांतपणे म्हणाले, "तू बाजारातनं येत असशील तर? माहिती ज्याला लागंल त्याच्याकडं आधीच पायजे." ताई या सगळ्याला तीस वर्षांच्या सवयीने सहन करते. पण वर्षातून एखाद्या वेळी तिचा तोल गेला की ती मिठाचा डबा उचलून साखरेच्या जागी ठेवते. तिच्याकडे हे एकच शस्त्र आहे. गेल्या वेळी तिने ते चालवलं तेव्हा भाऊजींनी खारट चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, आणि थोड्या वेळाने आमच्या सगळ्यांच्या फोनवर नोंद आली: मीठ, क-एक-तीन.

या वेडाची सुरुवात मात्र सैन्यात झाली नाही, गोदामात झाली. गावाकडची त्यांची भातशेती आता गोदामाखाली गेलेली आहे आणि घरी बसून राहिले असते तरी त्यांचं काही अडलं नसतं. पण सकाळी सहाला उठून दाढी करून बसायचं आणि मग जायला कुठेच नाही, हे त्यांना सोसेना. म्हणून राहनाळमधल्याच एका मोठ्या गोदामात ते सुपरवायझर म्हणून लागले. पहिल्याच दिवशी तिथल्या मॅनेजरने, कल्याणची तिशीतली मुलगी ती, त्यांना पडद्यावर लहान मुलांच्या बुटांचा एक जोड दाखवला. या आकाराचे दोन जोड या गोदामात, नऊ नागपुरात, आणि एक आत्ता या क्षणी ट्रकमधून कसारा घाट चढतोय. भाऊजींनी ते चार वेळा परत दाखवायला लावलं. मग विचारलं की, याचं रजिस्टर कुठे असतं? ती म्हणाली, रजिस्टर नाही, क्लाऊडवर आहे. भाऊजी एका खोक्यावर बसले. संध्याकाळी ते रिक्षा करून थेट माझ्या घरी, नारपोलीला आले. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना कापडाचे लूम चालतात, त्यामुळे आमच्याकडे प्रेमाचं बोलणंसुद्धा ओरडूनच होतं. भाऊजी तर कवायतीच्या आवाजाचे. "मास्तर, पोराच्या बुटाचा जोडा घाटात कंच्या वळणावर हाय ते त्या पोरीला ठाव हाय," ते उंबऱ्यातूनच म्हणाले. "आन आमच्या जवानाला लागणारा एक..." एवढं बोलून ते थांबले. मला वाटलं, लूमच्या आवाजापुढे त्यांनी हात टेकले.

क्लाऊड म्हणजे ढग, एवढं इंग्रजी गावात सगळ्यांना येतं, त्यामुळे लवकरच त्यांना ढगवाले फौजी असं नाव पडलं. त्यांच्या एका चुलत आजेसासूने काळजीने विचारलं की, जावईबापू, ढगात ठेवलेलं पावसात खाली येत न्हाय का? भाऊजी हसले नाहीत. अडाण्याचा प्रश्न म्हणून त्यांनी आजवर कुठलाच प्रश्न उडवून लावलेला नाही. म्हणाले, "नाव ढग हाय, आजी. हाय ते गोदामच." आणि मग त्यांनी म्हातारीला जे सांगितलं ते मला आजही कुठल्याही पुस्तकापेक्षा बरं वाटतं. पूर्वी प्रत्येक व्यापाऱ्याचा आपापला गाळा असायचा. दिवाळीला माल गाळ्यात मावायचा नाही आणि बाकीचे आठ महिने अर्धा गाळा रिकामा. प्रत्येकाचा वेगळा राखणदार, आणि त्यातले निम्मे झोपलेले. आता एकच अवाढव्य गोदाम, पक्की भिंत, पक्की राखण; ज्याला जेवढी जागा लागेल तेवढी त्याने घ्यावी, काम झालं की सोडावी. प्रत्येकाच्या मालाला वेगळं कुलूप, शेजाऱ्याला शेजाऱ्याचा माल दिसत नाही. आणि एक गोदाम जळालं तरी दुसऱ्या गावच्या गोदामात त्याचीच जोड तयार. लढाईच्या वेळी सैन्याला एकदम दहापट माहिती हाताळावी लागते, पुरात माणसं काढायची असली तरी लागते. ती ऐन वेळी नवे संगणक विकत घेऊन हाताळता येत नाही. म्हातारी सगळं ऐकून म्हणाली, मंग घेत का न्हाय ते? भाऊजींनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू आम्हा शिकलेल्या लोकांत कुणीच इतका सरळ प्रश्न आजवर विचारला नव्हता.

गावच्या हळदीत तर त्यांनी कहर केला. आमच्याकडची हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठं प्रकरण. मांडव, डीजे, आणि जेवणाच्या तीन पंगती. डीजेवाल्याची वायर तुटली आणि पाच मिनिटं शांतता झाली. ही संधी भाऊजींना दवडता येईना. त्यांनी माईक घेतला, वधूवरांना आशीर्वाद दिले, आणि तिसऱ्या वाक्याला ते संरक्षण खात्यावर होते. नवरामुलगा हळदीने माखलेला, पाटावर अडकलेला, त्यामुळे तो तरी कुठे जाणार? वायर जोडून झाली तरी डीजेवाल्याने बटण दाबलं नाही. पुढे त्याला मी विचारलं तर तो म्हणाला, "गुरुजी, मेरा भी एक ही लॅपटॉप है, सारे गाने उसी में. फौजी काका बोले तो डर लगा." दुसऱ्याच दिवशी त्याने आपली सगळी गाणी वर चढवली. भाऊजी याला आपला पहिला विजय मानतात.

रविवारची सकाळ पत्रांची. भाऊजी मुद्दे सांगायचे आणि मराठीचा शिक्षक या नात्याने मी ते नीट भाषेत बसवायचे, मग मीच त्याचं हिंदी करायचं आणि पत्र दिल्लीला जायचं. उत्तर यायचं ते छापील: आपले पत्र प्राप्त झाले असून ते संबंधित विभागाकडे पाठविण्यात येत आहे. मी हिरमुसायचो, भाऊजी मात्र त्यातही आपलाच मुद्दा शोधायचे. म्हणायचे, सगळं एका ठिकाणी दिसलं असतं तर संबंधित विभाग शोधत बसायला लागलं असतं का? मीही काही नुसता लेखनिक नव्हतो. मी भांडायचो. मी म्हणालो की, सैन्याची गुपितं परक्याच्या गोदामात ठेवायची का? तर त्यांनी पत्रात लिहायला लावलं की, गोदाम आपल्या देशात, आपल्या जमिनीवर, राखण आपली आणि किल्ली सैन्याच्याच हातात. बांधायला बाहेरचा कारागीर चालेल, पण किल्ली नाही. मी म्हणालो की, सगळं एका ठिकाणी आणलं तर शत्रूला एकच दार फोडावं लागेल. त्यावर ते म्हणाले की, आज शंभर दारं आहेत आणि त्यातल्या कुठल्या दाराची कडी सैल आहे हे शंभर जणांनाही ठाऊक नाही. एकाच दारावर दहा चांगले पहारेकरी उभे करता येतात, आणि आतल्या प्रत्येक खोलीला पुन्हा वेगळं कुलूप असतंच. मग मी माझा हुकमी सवाल टाकला: बर्फात, डोंगरात तार तुटली तर तुमचा क्लाऊड काय कामाचा? यावर मात्र ते उठून घरी गेले. दोन रविवार पत्र गेलं नाही. तिसऱ्या रविवारी ते आले आणि म्हणाले, तुझं बरोबर होतं, लिही: प्रत्येक चौकीवर तिच्यापुरती एक छोटी प्रत असावी, तार तुटली की तिच्यावर काम चालावं, आणि तार जुळली की दोन्हीकडच्या नोंदींनी आपसात मेळ घालावा. माझ्यासारख्या मास्तराचा आक्षेप त्यांनी पंधरा दिवस डोक्यात वागवला, हे पाहून मला एकदम लाज वाटली. मी नुसता वाद घालत होतो. त्यांचं तसं नव्हतं.

हे असंच चालू राहिलं असतं आणि मीही त्याच्याकडे एका प्रेमळ माणसाचा छंद म्हणून पाहत राहिलो असतो. पण दोन वर्षांपूर्वी एका एप्रिलमध्ये, दुपारच्या जेवणानंतर, त्यांच्या गोदामाला आग लागली. ऑफिसच्या बाजूला वायरिंग पेटलं आणि बघता बघता धूर छपराला टेकला. माणसं शटरमधून बाहेर धावली, शेजारच्या गोदामांतली माणसंही रस्त्यावर आली, सगळी एकमेकांत मिसळली. कोण बाहेर आहे आणि कोण आत आहे, काही कळेना. मॅनेजर मुलगी रडत होती, कारण तिचा संगणक आत जळत होता आणि सगळ्यांची हजेरी त्याच संगणकावर लागायची; मालासारखी हजेरीही वर जाते हे त्या घाबरलेल्या क्षणी तिच्या ध्यानातच नव्हतं. भाऊजींनी आपला फोन काढला. सकाळपासून फाटकावर उठलेले अंगठे त्या संगणकात राहिलेले नव्हते, वर गेलेले होते. आत आलेले एकसष्ट. भाऊजी रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि परेडच्या आवाजात एकेक नाव पुकारू लागले. साठ जणांनी हजेरी दिली. एकसष्टावं नाव फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या रामसुमेरचं होतं. ते त्यांनी तीनदा पुकारलं.

पुढचं मला त्या मुलीने सांगितलं. भाऊजींनी रामसुमेरच्या हातातल्या स्कॅनरची नोंद उघडली. त्याने शेवटचं खोकं अकरा मिनिटांपूर्वी पोटमाळ्यावर, मागच्या भिंतीला लागून असलेल्या सतराव्या रॅकवर स्कॅन केलं होतं. अग्निशमनचे लोक तोवर पुढच्या शटरवर पाणी मारत होते. भाऊजींनी त्यांच्या अधिकाऱ्याला फोन दाखवला आणि सांगितलं की, माणूस इथे आहे, सुगंधी फवाऱ्यांचे डबे पुढच्या बाजूला पूर्वेच्या तीन रॅकवर आहेत, ते फुटतील, तेव्हा पुढून आत जाऊ नका. मागचा पत्रा कापा. अधिकाऱ्याने गाडी मागच्या बाजूला घ्यायला सांगितली. शाळा सोडून मी पोचलो तेव्हा पत्रा कापणं चालू होतं. आतून रामसुमेरला काढलं तेव्हा तो बेशुद्ध होता, पण श्वास चालू होता. पाचच मिनिटांनी पुढच्या बाजूला ते डबे फुटू लागले.

दवाखान्यात डॉक्टरांनी तो वाचेल असं सांगितल्यावर आम्ही दोघं बाहेर चहाच्या टपरीशी बाकावर बसलो. दिवस मावळायला आला होता. येणारा जाणारा भाऊजींची पाठ थोपटत होता. रामसुमेरचा भाऊ येऊन त्यांच्या पायाशी वाकला. मला वाटलं की, आज हा माणूस फुलून जाईल, कारण इतकी वर्षं जे तो सांगत होता ते सगळ्या गावाने डोळ्यांनी पाहिलं होतं. पण त्यांचा चहा हातातल्या पेल्यात तसाच निवला होता.

"इथं दोन मिंटांत कळलं, मास्तर," ते म्हणाले. "तिथं कळायला माझी बदली व्हायला लागली."

आणि मग त्यांनी मला ते सांगितलं, जे त्यांनी ताईलाही सांगितलेलं नव्हतं. वर बर्फात एक चौकी होती आणि भाऊजी खालच्या भांडारात नोंदी ठेवायला होते. चौकीवर त्यांचा जोडीदार होता, गढवालचा. आधीच्या ठिकाणी चार वर्षं दोघांच्या खाटा शेजारी शेजारी असायच्या. एकदा चौकीवरून चिठ्ठी आली की, तंबू गरम ठेवणाऱ्या शेगडीचा व्हॉल्व्ह तुटला आहे, नवा पाठवा. अंगठ्याएवढा पितळी तुकडा. भाऊजींनी आपलं रजिस्टर पाहिलं, त्यात तो नव्हता. नियमाप्रमाणे त्यांनी चिठ्ठीवर शेरा मारला, सही करून ती वर परत पाठवली, आणि मागणी मागच्या मोठ्या भांडाराकडे धाडली. व्हॉल्व्ह यायला तीन आठवडे लागले. तेवढ्यात थंडीने जोडीदाराच्या उजव्या हाताची चार बोटं काळी पडली आणि ती काढावी लागली. दोन वर्षांनी भाऊजींची बदली डोंगराच्या दुसऱ्या अंगाच्या भांडारात झाली. रस्त्याने चार तासांचं अंतर. तिथे माल मोजताना एक लाकडी पेटी निघाली. आत तेलकट कागदात गुंडाळलेले तेच व्हॉल्व्ह, चांगले चाळीस. त्यांनी त्या भांडाराचं रजिस्टर काढून पाहिलं. चिठ्ठी आली त्याच्याही आधीपासून ती पेटी तिथे होती.

मी म्हणालो, भाऊजी, यात तुमची काय चूक? तुमच्याकडे तो नव्हता, तुम्ही तसं लिहिलंत.

त्यांनी पेल्यातला निवलेला चहा मातीत ओतला. मग म्हणाले, "आमच्याकडं न्हाय, असं लिवलं असतं तर खरं व्हतं. मी लिवलं, उपलब्ध न्हाय." त्यांनी पेला बाकावर ठेवला. "उपलब्ध व्हता, मास्तर."

मी विचारलं की, जोडीदाराला हे सांगितलंत का? ते म्हणाले की, दर दिवाळीला त्याचा फोन येतो, तो डाव्या हाताने लिहायला कसा शिकला याच्या गमती सांगतो, आणि आपण हसतो.

त्यानंतरच्या रविवारी त्यांनी मला बोलावलं नाही, तेच माझ्या घरी आले. पत्र त्यांनी स्वतःच लिहून आणलं होतं, वहीच्या अर्ध्या पानावर. त्यात गोदाम, आग, एकसष्ट माणसं, दोन मिनिटं. मग तो व्हॉल्व्ह, दोन भांडारं, चार तासांचा रस्ता, तीन आठवडे. खाली एवढंच की, आता तिकडे बरंच सुधारलं असेल याची मला कल्पना आहे, पण कुठल्याही एका भांडारातल्या माणसाला दुसऱ्या भांडारातली पेटी जोवर दिसत नाही तोवर मी लिहीत राहणार. मी त्यातली एकही वेलांटी बदलली नाही. फक्त हिंदी केलं.

दिल्लीचं उत्तर नेहमीचंच आलं. पण त्या पत्राची नक्कल जिल्ह्यातल्या माजी सैनिकांच्या मेळाव्याला गेली होती, आणि ठाण्यात भरलेल्या त्या मेळाव्यात भाऊजींना सत्कार आणि जेवण यांच्यामधली पाच मिनिटं मिळाली. ही वेळ वक्त्याला जगातली सर्वांत वाईट. सभागृहात मसालेभाताचा वास शिरला होता आणि माणसं चुळबुळत होती. मी मागे बसून घामाघूम झालो. भाऊजींनी भाषण केलंच नाही. त्यांनी ते अर्धं पान वाचलं आणि कागदाची घडी घातली. पहिल्या रांगेत एक महिला अधिकारी बसल्या होत्या, अजून नोकरीत असलेल्या. त्यांनी उभं राहून विचारलं की, आणि वर लिंक तुटली तर? भाऊजींनी माझ्याकडे बोट दाखवलं. म्हणाले, हा प्रश्न या मास्तरांचा आहे, आणि मग पंधरा दिवसांत शोधलेलं ते उत्तर त्यांनी दिलं. जेवणाच्या वेळी त्या आमच्याजवळ आल्या. त्या नव्या अधिकाऱ्यांना भांडाराचं काम शिकवायच्या. या दिशेने काम चाललंय, पण किती आणि कुठे ते मला सांगता येणार नाही, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं की, तो व्हॉल्व्ह मी माझ्या वर्गात सांगितला तर चालेल का? नावागावासकट सांगितला तर मुलं विसरणार नाहीत. भाऊजी म्हणाले, माझं नाव सांगा. त्याचं त्याला विचारायला लागंल.

आणि विचारायचं म्हणजे आधी सांगायचं. भाऊजींनी ते फोनवर सांगितलं नाही. पुढच्या महिन्यात ते ताईला घेऊन गढवालला गेले, दोन गाड्या आणि एक जीप बदलून. ताई सांगते की, वाटेत हा माणूस कुणाशी एक शब्द बोलला नाही. शेजारी एक निवृत्त मेजर बसले होते तरी नाही. जोडीदाराच्या अंगणात दोघं ऊन खात बसले आणि भाऊजींनी चिठ्ठीपासून पेटीपर्यंत सगळं सांगितलं. जोडीदाराने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दस्तखत तो मैंने उसी दिन पहचान लिए थे. मैं तो खुश हुआ था कि चलो, नीचे अपना आदमी बैठा है." मग त्याने उरलेल्या अंगठ्याने भाऊजींच्या खांद्यावर टोकलं आणि सांगितलं की, मॅडमना म्हणावं माझं नाव सांगा, गावाचंही सांगा, पण डावखुरा झाल्यावर मी गावात पत्त्यांत कुणाला हरलो नाही, हेही सांगा. इथे मी त्याचं नाव लिहीत नाही, कारण परवानगी त्या वर्गापुरतीच आहे.

तिथून आल्यापासून भाऊजी थोडे निवले आहेत. न्हाव्याला ते आता त्याच्या मुलाबाळांचंही विचारतात. पत्रं मात्र चालू आहेत. परवाच्या रविवारी मी नव्या पत्राचा कच्चा खर्डा घेऊन गेलो तर ते घरी नव्हते. ताई म्हणाली, खाडीवर असतील. बांधावर ते एकटेच बसले होते. फोन घरी राहिला होता, बरोबर काहीच नव्हतं. त्यांना असं रिकाम्या हातांनी बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मी शेजारी बसून खर्डा वाचून दाखवला. त्यांनी एक शब्द बदलला. भरती लागली होती आणि चिखलातली एक जुनी होडी हळूहळू हलायला लागली होती.

"तो माझ्याहून म्हातारा दिसतो आता," ते म्हणाले. "आमी दोघंबी म्हातारे झालो. ह्याचा मी इचारच केला नव्हता." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "पत्रात लवकरात लवकर असं लिवलंस ना?"

मी म्हणालो, लिहिलंय.

"मंग दोनदा लिव."

मी गुडघ्यावर कागद ठेवला आणि ते आणखी एकदा लिहिलं.